साडेआठ वर्षं

झेफेरिनबाबनं मोटर आणली ती शुक्रवारी, भर बाजारात,
रिक्षात मागे कांद्यांच्या दोन माळा, वेताची टोपली
आणि मधोमध दहा हॉर्सपॉवर, गोणपाटात गुंडाळलेली.

झाकण काढलं. एका फेजची कॉइल्स कोळसा,
उरलेले दोन फेज तांबूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
हळदोण्यात तिन्हीसांजेला एक तार गेली होती
आणि घाणा खोबरं चावतच राहिला.

खोर्लीच्या उतारावरचं माझं दुकान
लोक वॉर्निशच्या वासावर शोधत येतात.
तांब्याचा भाव मी रोज सकाळी बघतो,
इतर लोक राशिभविष्य बघतात तसा.
बहुतेक वेळा तेही वाईटच असतं.

रोशनी गावस, आयटीआय होऊन आलेली, आठ महिने झाले,
तिनं फोनवरच मांडलं:
नवी मोटर चौतीस हजार, वाइंडिंग साडेसात.
नवी वीज कमी खाईल, वर्षाला सव्वासहाशे युनिट,
म्हणजे तीन हजार शंभर रुपये.
"साडेआठ वर्षांत पैसे वसूल, बाब. नवीच घ्या."

झेफेरिनबाबनं चष्मा काढून पुसला.
"म्हाका एकाहत्तर जालीं, बाय. पूत स्विंडनाक.
घाणो म्हजे वांगडाच वतलो.
हीं साडेआठ वर्सां म्हाका कोण दितलो?"

गणित बरोबर होतं.
रोशनी फोनकडे बघत राहिली, जणू त्यात आणखी एखादं बटण असावं.

तो गेल्यावर मी स्टेटर उलटा केला.
कडेला पंचानं ठोकलेला आकडा: २००९. ठोका माझा,
नऊचं शेपूट मी तेव्हाही असंच वाकडं काढायचो.
तेव्हा ही डिचोलीला, खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायची.
खड्डा भरत होता, तासातासाला फोन,
आणि जुनं तांबं निघेना म्हणून
मी रॉकेल ओतून काडी लावली.
सगळेच लावायचे.

लोखंड म्हणजे एक ढेकूळ नव्हे,
शेकडो पत्रे, आणि दोन पत्र्यांत
कांद्याच्या सालीहून पातळ वॉर्निश,
एकाचं दुसऱ्याला कळू नये एवढंच त्याचं काम.
ते जळलं.
खाण बंद पडली, लिलाव झाला, मोटर घाण्याला लागली,
आणि त्या दिवसापासून आतल्या आत
वीज पत्र्यापत्र्यातून भटकत लोखंड तापवत राहिली.
न फिरवलेल्या फेऱ्यांचं बिल
झेफेरिनबाब दोन दोन महिन्यांनी, रांगेत उभा राहून, भरत आला.

रोशनीला म्हटलं, तू घरी जा.

छिन्नीनं कॉइल्स कापली. भट्टी मंद ठेवली, रात्रभर.
मग कानशीनं चिकटलेल्या कडा सोडवत
पत्र्यापत्र्यात अभ्रकाचं कपटं सरकवत बसलो,
दोन रात्री, डोळ्यांना भिंग लावून.
छत्तीस खाचा, खाचेत अठ्ठावीस वेढे,
मोजताना कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.
सगळं परत येत नाही. भार नसताना करंट
सहा पॉइंट तीनवरून पाच पॉइंट नऊ,
एवढंच.

बिलात लिहिलं: वाइंडिंग, साडेसात हजार.
अभ्रकाला ओळ नाही.
काय लिहिणार? "जुनी काडी, परत"?

हळदोण्याला बसवायला मीच गेलो.
तासभर घाणा फिरला, पेंडीच्या वासानं दार भरलं.
झेफेरिनबाबनं नेहमीसारखा मोटरच्या पाठीवर पंजा टेकला
आणि लहानपणी शाळेत घोटलेले आकडे मोजू लागला:
उं, दोइश, त्रेश, क्वात्रु...
सेतला तो हात काढून घ्यायचा, दर वेळी. चटका बसायचा.

नोव्हपर्यंत गेला.
हात तसाच ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बेअरिंग नवं घातलंय," मी म्हटलं,
आणि पाने पिशवीत भरू लागलो.