थेंब घातल्यावर

पायरी दिसेना म्हणून गेले.
डाव्या डोळ्यात खालच्या बाजूनं कुणी
राखाडी फडकं धरल्यासारखं,
आणि हडर्सफील्डमध्ये पायऱ्या उतरल्याशिवाय
दुधाची बाटलीसुद्धा घरात येत नाही.

डॉक्टर ओयेलारन म्हणाले, हनुवटी इथे,
कपाळ टेकवा, माझ्या कानाकडे बघा.
थेंब झोंबले.
आई म्हणायची, डोळ्यांत तेल घालून जपलंय तुला.
मला वाटायचं, खरंच घालत असेल,
एरंडेल, मिरजेच्या त्या खोलीत,
रात्रभर माझे श्वास मोजताना.

मग ते थांबले. विचारलं,
जन्मतः हृदयाचं काही होतं का?

मी छातीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.
बटणं गळ्यापर्यंत. फॉर्मवर फक्त "डावा डोळा".

पडद्यावर माझा डोळा, आतून:
शेंदरी, गोल.
इतरांच्या शिरा म्हणे सरळ फाटे फुटत जातात.
माझ्या, हात थरथरणाऱ्या माणसानं
कढईत जिलबी पाडावी तशा.
"प्राणवायू कमी पडला, रक्त दाट झालं, की अशा होतात.
छाती दुरुस्त झाली तरी
कधी कधी या तशाच राहतात."
वरची एक बारीक वाट बुजलीय.
म्हणून खालची पायरी गेली.

निळी जन्मले मी. ओठ, नखं.
हिला तीट कशाला, शेजारीण म्हणाली,
हिला तर देवाचीच दृष्ट लागलीय.
आई तरी लावायची. निळ्या गालावर काळी.
सहाव्या वर्षी टाके, आठव्या वर्षी लंगडी,
मग लग्न, व्हिसा, कौन्सिलातली पगारपत्रकं,
पोहायला गेले तेव्हा गळाबंद पोशाख.
संपलं ते, असंच धरून चालले होते.
आणि काळजानं सगळं लिहून ठेवलेलं,
मला कधी वाचता येऊ नये अशा जागी,
बघण्याच्या मागच्या भिंतीवर.

बाहेर आले. बाहुल्या पावलीएवढ्या.
सगळं गाव चुना फासल्यासारखं,
दगडी चर्चसुद्धा.
बसच्या कपाळावरचा आकडा नुसता उजेड.
बाकावरच्या म्हातारीला विचारलं.
"तुझीच गं, लव्ह," ती म्हणाली,
मी कुठे जाणार ते न विचारता.

दार उघडलं.
पाय पुढे केला, हवेत जरा चाचपला.
पायरी होती.