चार बोटं

आमच्या गाडीला डबे दोन,
सायकली टांगायचे आकडे सहा.
रविवारी सातवी सायकल येतेच.
मग मी नियम सांगते,
आणि सांगता सांगता
सहावीच्या पायडलातून सातवीचं हँडल ओवून घेते.
एकोणतीस वर्षं हेच,
साझावा नदीच्या काठाकाठानं झ्रुचपर्यंत आणि परत.
हाताला ग्रीस, शिट्टीलाही ग्रीसची चव.

त्या रविवारी कात्सोव्हला
एक म्हातारा बाटली भरायला खाली उतरला.
मी दोन्हीकडे बघितलं, शिट्टी दिली.
खरं सांगायचं तर
एकीकडेच बघितलं.

दोन वळणांनंतर कुणीतरी विचारलं,
ही हिरवी कुणाची?

एरवी आमच्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.
नदीकडे बघतात,
नाहीतर नदीकडे बघणाऱ्याकडे.
पण बेवारस सायकल म्हटल्यावर
बारशाला जमावेत तसे भोवती जमले.
साखळी बघा, म्हणाला कुलपं दुरुस्त करणारा क्वीदो,
वेळच्या वेळी तेल. माणूस नेटका.
शाळकरी वेंदेलिननं घंटी वाजवून पाहिली.
ती खरखरली नुसती.
म्हणजे ह्यांना कुणी आडवं येत नसणार.
टोपलीत अर्धा पाव, कांदा,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली
दाराची पितळी मूठ.
कुठल्या दाराची, यावर पुढच्या स्टेशनापर्यंत वाद.

मूठ बाजूला सारून
निवृत्त सुईण ओटिलिया म्हणाली,
सीट बघा आधी. चार बोटं उंच आहे.
विशीत बसवली असेल, अजून तिथंच.
गुडघे रात्रभर बोंबलत असतील,
पण खाली घेईल तर शपथ.

झ्रुचला अकरा मिनिटं. इंजिन गरम, कॉफी गार.
परत फिरलो.
कात्सोव्हच्या बाकावर भरलेली बाटली होती,
म्हातारा नव्हता.
तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून
सायकल आणायला झ्रुचला निघाला होता,
असं फलाटालगत बीट खणणाऱ्या बाईनं सांगितलं,
खणायचं न थांबवता.

चुकामूक.

समोरची गाडी येईपर्यंत नऊ मिनिटं थांबायचं होतं.
मी हिरवी उतरवली. लिंडनच्या झाडाला टेकवावी,
एवढंच मनात.
हजारो सायकली उचलल्यात मी,
कुणाची किती जड ते डोळे मिटून सांगेन.
पण शेवटची चालवली कधी?
आठवेना.
सीटचा खटका सैल केला, खाली घेतली,
गणवेशाचा स्कर्ट गुडघ्यावर आवळला,
आणि फलाटाच्या या टोकापासून
त्या दिव्यापर्यंत,
दिव्याला वळसा घालून परत.
खिडक्यांतून चेहरे. ड्रायव्हर हीनेकनं भोंगा दिला,
नियमात न बसणारा, लांबलचक.
बीटवाली बाई तेवढ्यापुरती ताठ उभी राहिली.

मग सायकल झाडाला,
घंटीत तिचं तिकीट खोचलेलं
(तिचं दिवसभर चालतं, माणसाचं एका फेरीचं),
बाटली टोपलीत, मुठीशेजारी.
गाडी सुटल्यावर लक्षात आलं,
सीट वर करायची राहिली.

तिसऱ्या रविवारी तो चढला.
पाचव्या आकड्यावर हिरवी.
तिकीट पुढे करत म्हणाला, मूठ बसली दाराला.
मी म्हटलं, बरं झालं.
बोगदा गेला. पूल गेला.
नदीत एकजण होडी उलटी करून पाणी ओतत होता.
सीट खाली आली होती, तो म्हणाला.
हो का, मी म्हटलं,
आणि पंच उगाच दोनदा दाबला.
त्यानं गुडघ्यावर तळहात ठेवला,
दमलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.
राहू दिलीय, म्हणाला.

कात्सोव्ह आलं.
तो बाटली घेऊन उठला.
मी दारात उभी राहिले, शिट्टी दातांत,
आणि दोन्हीकडे बघितलं.