अडीचचं माप

वेंगुर्ल्यात आमच्या कारखान्यात
काजूची प्रत बोटांना आधी कळते, डोळ्यांना नंतर.
दोनशेचाळीस, तीनशेवीस, पाकळी, तुकडा,
सात वर्षं हाच निवाडा केला टेबलाशी बसून.
मग एका चतुर्थीला मोदकाची पारी
कळ्या घेईना.
पारीचा दोष नव्हता.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली,
जशी मी काजू पाहते,
आणि नाव सांगितलं. संधिवात.
वयाचा नव्हे, रक्तातला.
दर मंगळवारी एक पिवळी गोळी.
मंगळवार सांभाळत चार वर्षं गेली.
कासाराकडे सव्वादोनचं माप सोडून अडीचचं घेतलं:
बांगडी पेरावर अडते, एकदा पार झाली
की मनगटावर सैल, कोपरापर्यंत धावते.

मूल हवं म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या,
आधी मंगळवार सोडायचा.
तीन महिने पुरे होऊ देत, मग बघा.
त्या जागी दुसऱ्या दिल्या: एक कडूझार,
एक टिकलीएवढी पांढरी,
एक अशी की लघवी नारिंगी होते.
हे आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी
मी मोरीतून विश्रामला हाक मारली.

सोनोग्राफीत काजूएवढंच होतं ते,
तसंच वळलेलं.
मनातल्या मनात प्रत लावून टाकली: अख्खा.

आणि त्याच रात्री सगळ्या गोळ्या बंद केल्या.
सासू म्हणाली होती खरी,
‘पोटात पोर आसताना औषदां कशाक खातस गो?’
पण तांदळाच्या पिंपामागे डबा
मी माझ्या हातांनी ठेवला.

सतरा दिवस.
अठराव्या दिवशी न्हाणीची कडी निघेना.
आत मी, बाहेर सासू,
मधे बोटभर लोखंड.
विश्राम बंदरावरून येईपर्यंत
ती दाराला तोंड लावून बोलत राहिली,
बांगड्याचं तिखलं, कुणाची हरवलेली म्हैस, काहीबाही.
हुंदका तिचा की माझा, फळीतून कळत नव्हतं.

आंबोलीच्या वळणांवर दोनदा ओकले.
बाई रागावल्या नाहीत, तेच लागलं.
म्हणाल्या, गोळीला भ्यायलीस,
सुजेला का नाही भ्यायलीस?
ती काय बोटांतच थांबते?
बाळ राहतंय त्याच घरात तीही राहते.
या गोळ्या तिथे चालतात, बघूनच दिल्यात.
आणि डब्याच्या झाकणावर स्वतःचा नंबर लिहिला.

सासूने डबा मिठाच्या बरणीशेजारी मांडला,
जिथे हात जातोच.
सकाळी आठ, रात्री आठ.
तिला घड्याळ वाचता येत नाही,
रात्रीचे आठ ती शेजारच्या टीव्हीवरून ओळखते.

सहाव्या महिन्यात हात अचानक माझे झाले.
असं होतं कधीकधी, बाईंनी सांगितलेलं,
आणि हेही, की ते टिकेलच असं नाही.
ओटीच्या दिवशी हिरवा चुडा भरला, सव्वादोनचा,
मीच हट्टाने मागितला.
एकही पिचली नाही.

मुलगी झाली. अडीच किलो.

पाचव्या आठवड्यात, पहाटे,
तिच्या झबल्याचा बंद सुटेना.
उजाडेपर्यंत चुडा मनगटात रुतला.
साबण, खोबरेल, प्लास्टिकची पिशवी, काही चालेना.
मग सासूने माझा हात उशीवर ठेवला,
वरवंटा घेतला
आणि एकेक बांगडी वाढवली.
फोडली म्हणायचं नसतं.

फोनवर बाई विचारत होत्या,
अंगावर पाजतेयस ना?
मग मंगळवार अजून नको. पांढरी थोडी वाढवू.

‘काय म्हणतत गो?’ काचा वेचत सासूने विचारलं.
म्हटलं, वाढवूया म्हणतात.
‘बरां,’ ती म्हणाली,
आणि मुलीला माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवलं,
जिथे बोटं लागत नाहीत.