काडी कोरडी निघेपर्यंत

अठरा अंशांच्या बंद खोलीत
हिरव्याचं पिवळं करणं, हे माझं काम.
पिवळ्याच्या पुढं गेलेलं केळ
पथ्रोटच्या गोदामात कुणाच्या हिशेबात नसतं.
ठिपके पसरले की शेठ हात झटकतो,
"टाक म्हशीले."
चार वर्षं टाकलं.

या चैतात एक फणी पिशवीत घालून घरी आणली
आणि खिडकीत अजून दोन दिवस काळी होऊ दिली.
प्रणिता म्हणाली, "सडवून राह्यले काय?"
म्हटलं, "हौ."

पूर्वाला दूध चालत नाही.
तूप नाही, लोणी नाही, अंडं तर नाहीच.
ओठ सुजतात, गळ्याखाली गांधी उठतात.
शाळेत कुणाचा वाढदिवस असला
की केकचा तुकडा वहीच्या पानात गुंडाळून आणते
आणि मला देते.
मी अंगणात जाऊन, पाठ करून खातो.
क्रीम फार गोड असतं.

मेहुणीनं नागपूरहून फोनवर कृती सांगितली.
"याला व्हीगन म्हणतात, भाऊजी.
कणिक दीड कप."
कोणता कप? आमच्याकडं चार कप, चौघांचे चार घाट.
शेवटी दुधाचं माप घेतलं, पाव लिटरचं,
दोन वर्षं खुंटीला रिकामं टांगलेलं.

अंड्याऐवजी जवस, हे ऐकून मात्र हसलो.
जवस! ज्याची चटणी आम्ही रोज भाकरीवर घेतो
तो अंड्याच्या जागी बसतो,
हे घरात कधी कुणी बोललं नाही.
भाजला, कुटला, पाण्यात टाकला,
आणि चहा उकळेपर्यंत त्यानं असं धरलं
की मी वाटी उलटी करून पाहिली.

अक्रोड कुठून आणू?
बाजारात फुलमा भिलावेकर बसते,
मेळघाटातून पहाटेच्या एसटीनं उतरते,
पुढ्यात पोत्यावर गोडंबी.
आडनावातच बिब्बा.
एकेक फोडायचा, आतलं अखंड काढायचं;
तेल उडतं, उडतं तिथलं कातडं जातं.
पैसे घेताना तिची बोटं दिसली.
मी भाव केला नाही.
खोटं बोलतो. केला,
पण दहाच रुपये.

केळी पंजानं कालवली.
गूळ, शेंगदाण्याचं तेल, चिमूटभर सोडा, अर्धं लिंबू.
कुकरची शिटी काढली, रबर काढलं,
तळाशी शहानूरची चाळलेली रेती, तिच्यावर डबा.
पहिला घाणा खालून कोळसा, वरून चिखल.
तो म्हशीनं खाल्ला.
या सगळ्यात म्हशीचं नुकसान असं काही झालं नाही.

दुसऱ्याला आच मंद.
पाऊण तास कुकरसमोर पाटावर मी,
आणि माझ्या पाठीवर पूर्वा: "झालं? आता? आता?"
कडूनिंबाची काडी खुपसून बघायची.
ओली.
झाकण.
ओली.
मग घरभर तो वास,
रोडगे भाजताना राखेतून येतो तसा थोडा,
आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी
ज्याला आमच्या घरात अजून नाव नव्हतं.
काडी कोरडी.

वरून भेगाळला होता.
"बाबा, हा कापाचा का फोडाचा?"
रोडग्यासारखा फोडला.
तिनं घास घेतला
आणि आम्ही दोघं तिच्या ओठांकडं पाहत बसलो.
प्रणिता मोबाईलवर मिनिटं मोजत होती.
अर्धा तास.
काहीच नाही.
"अजून," पूर्वा म्हणाली.

पुढच्या बाजारी एक तुकडा
केळीच्या पानात बांधून फुलमाला दिला.
तिनं चावला. थांबली.
जिभेनं एक गोडंबी पुढं आणली,
काळ्या बोटांवर धरून उन्हात पाहिली.
"अखंड हाये," म्हणाली, "फुटली नाई."

उरलेला तिनं पदरात बांधला.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.