दुभाषी

फादर सोरेंग स्कूटरवरून आले, कोपरखैरणे, सेक्टर अकरा.
हेल्मेट चपलांच्या स्टँडवर ठेवलं,
प्लास्टिकच्या फाइलमधून जांभळा स्टोल काढला,
ओठांना लावला, गळ्यात घातला.
मी पंखा बंद केला.
पंखा चालू असला की आयचं बोलणं
मलाही निम्मंच कळतं.

झटक्यानंतर तिचं तोंड डावीकडे घसरलंय.
त्यात बोली उत्तनची, ड-चा र करणारी.
फादर सिमडेग्याचे,
मराठी शिकतायत, अजून ळ-पाशी अडलेत.
म्हणाले, कुमसाराला दुभाषी चालतो,
चर्चचा तसा कायदा आहे,
पण कानावर पडेल त्याचं कुलूप तुमच्याही ओठांना,
मरेपर्यंत.
मी म्हटलं, बरं.
मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्यालाही मी असंच बरं म्हणते.

म्हणून ती काय बोलली ते इथं नाही.
इथं आहे खिडकीत वाळत घातलेला पलंगपोस,
खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या
(मोजल्या मी, पाच),
सुयांनी काळानिळा झालेला तिचा हात
उशीखाली रोझरी चाचपणारा.
आधी बारीकसारीक काढलं तिनं,
पाटीतली मासळी निवडावी तसं,
जवळा एकीकडे, मांदेली एकीकडे.
मी एकेक उचलून हिंदीत ठेवत गेले.
मग ती थांबली.
मग एक शब्द बोलली.

त्या शब्दाला हिंदीत शब्द नव्हता.
म्हणजे होता.
मी तो घेतला नाही.
त्याच्या शेजारचा घेतला, जरा लहान,
चारचौघांत नेता येईल असा.

फादरनी मान हलवली, डोळे मिटलेलेच.
लहान शब्दाच्या मापाचं प्रायश्चित्त दिलं,
तीन नमो मारिया.
क्षमेचा हात तिच्या कपाळावर उचलला गेला,
सावली माझ्या मांडीवर पडली.

आय म्हणाली, "एवराच?"

काय म्हणतायत, फादरनी विचारलं.
मी म्हटलं, आभार मानतेय.

चहा न घेता गेले.
हेल्मेटसाठी जिन्यातून परत आले, हसले,
म्हणाले, माझी आई घरी खडिया बोलते,
तिचं कुमसार कोण ऐकतं देव जाणे.
तेव्हाच थांबवायला हवं होतं त्यांना,
दार उघडंच होतं.

रात्री तिचा डायपर बदलताना आठवलं,
भाईंदरच्या बाजारात बत्तीस वर्षं
पाटीमागे बसलेली ही बाई.
बर्फवाल्याशी, हवालदाराशी,
जागेचे पैसे मागायला येणाऱ्या पोराशी
हिंदीत भांडलेली, हिंदीत जिंकलेली.
जीभ गेली तिची.
कान कुठं गेले होते?

म्हणजे ते "एवराच" फादरना नव्हतं.

आता दर शनिवारी संध्याकाळी
मी चर्चमध्ये कुमसाराच्या रांगेत उभी राहते,
मागच्यांना पुढं जाऊ देते.
सांगू काय?
माझं पाप तिच्या पापात गुंडाळलेलं,
एकाचा दोरा सोडला की दुसरं उघडं पडतं,
आणि कुलूप तर मीच लावून घेतलेलं.
जाळीपलीकडे तेच फादर, तोच खोकला.
मिस्सा चुकली, सांगते.
भांडीवालीवर ओरडले, सांगते.
मलाही तीनच देतात.

घरी येते तर आय जागी.
तिच्या तीन नमो मारिया अजून संपलेल्या नाहीत.
तिसरी झाली की अंगठा परत पहिल्या पेरावर.
पुढचा अर्धा तिच्या तोंडून नीट निघत नाही,
म्हणून उशाशी बसून तो मी म्हणते,
आम्हां पाप्यांसाठी, मी म्हणते,
आम्हां.

ती माझं बोट दाबते.
डॉक्टर म्हणाले होते, असे आचके येत राहतील,
त्यांचा अर्थ लावत बसू नका.