सहा बाय चार

पलंग सहा फूट बाय चार,
असं श्रीलंकेतल्या व्हॅनवाल्यानं कळवलंय.
फोटोही धाडलाय: पोपटी पडदे, एकच शेगडी,
आणि मागच्या दारातून समुद्र.
तो भाड्यात धरलेला नाही.

केंजळ्यांची वॅगनआर गावाला गेलेली बघून
सुहासनं धनकवडीतल्या आमच्या पार्किंगमध्ये
खडूनं चौकोन आखला. टेप माझ्या शिवणाच्या डब्यातली.
'झोप,' म्हणाला, 'आत्ताच काय ते कळू दे.'

रात्रीचे साडेअकरा. पाठीखाली गार फरशी,
खांद्याशी ऑइलचा जुना डाग.
आडव्या आडव्याच यादी चालू:
मेतकूट घ्यायचं, छोटा कुकर, मच्छरदाणी.
नारळ तिथं मिळतीलच.
टाकीत पाणी चाळीस लिटर,
म्हणजे आंघोळ तांब्यानं, मोजून.
गाडी डाव्या बाजूनंच, आपल्यासारखी,
पण घाटात मी चालवणार.
'आणि भांडलो तर?'
'तर एकानं पुढच्या सीटवर जायचं.'
तेही त्यानं लिहून घेतलं.

त्याच्या घोरण्यापायी अकरा वर्षं
आम्ही दोन खोल्यांत झोपतो,
मध्ये पॅसेज, पॅसेजमध्ये फ्रीज.
चार फुटांत पॅसेज बसत नाही,
हे मी यादीत घातलं नाही.

वॉचमन लोखंडे टॉर्च घेऊन आले.
रेघेपाशी थबकले, चप्पल जरा मागं घेतली.
'ताई, दार कुठल्या अंगाला?'

सुहासचं घोरणं सुरू झालं होतं.
मी बोटानंच दाखवलं, मागं.
आणि खडूच्या आतल्या आत
थोडी सरकले.