दात नसलेली किल्ली

रुवीच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या वर
आमचं पितळेचं दुकान. एसी गळतो, खाली बादली.
गुरुवारी दुपारी क्रॉगरसाहेब आले,
चष्मा हातात, कागद काखेत.
बंदरावरची क्रेन चालू करून दिली, आता घरी निघालेत.
गावच्या नगरपालिकेला भेट न्यायचीय
गावाचीच ढाल.
"पितळ इथलं," म्हणाले, "चिन्ह तिथलं."

वर पांढरं, खाली निळं,
मधोमध उभी एक किल्ली.
किल्लीला दात नाहीत.

म्हटलं, साहेब, झेरॉक्स पुसट आलीय.
ते हसले, स्टुलावर बसले. मी सुलेमानी मागवली.
मग मोडक्या इंग्रजीत, त्यांच्याही आणि माझ्याही,
गाव उलगडलं:

वेढा पडला होता. बर्फ कमरेएवढं.
वेशीचा रखवालदार, नाव कुणाला ठाऊक नाही,
रात्रभर कानशीनं किल्लीचे दात घासत बसला.
सकाळी शत्रूनं किल्ली मागितली;
यानं तटावरून दोरीनं खाली सोडली.
कुलूप उघडलं नाही.
आतल्यांनाही उघडलं नाही, हेही खरंच.
बर्फ वितळेपर्यंत घोडे खाल्ले, मग जोड्यांचं चामडं.

"नाहीतर," साहेब साखर ढवळत म्हणाले,
"पहिल्या चिताऱ्याला दात काढायचा कंटाळा आला असेल.
आमच्या शाळेत दोन्ही शिकवतात."

रात्री पत्रा कापायला घेतला.
हात दाभोळच्या परकारांचा.
आजा गलबतांच्या नाळेवर डोळे रंगवायचा,
पापणीसुद्धा सोडायचा नाही.
बघता बघता किल्लीला तीन दात फुटले.

बाजूला अरबाबाचं लोखंडी कपाट.
आत आम्हा सहा जणांचे पासपोर्ट, रबर लावून.
त्याची किल्ली त्याच्या दिशदाशाच्या खिशात.
तिला दात आहेत, चांगले सात.
मी मोजलेत. का मोजले, सांगता येत नाही.

मग कानस घेतली.
एक दात. दुसरा. तिसऱ्याला थांबलो.
त्या माणसाची बोटं गारठली असतील,
माझी घामानं सटकत होती.
आवाज मात्र हाच असणार, खर्र खर्र,
आणि पलीकडे झोपलेलं कुणी कूस बदलतंय का
म्हणून मधेच धरलेला श्वास.

भावाला फोन लावला: आपल्या गावाचं चिन्ह काय रे?
म्हणाला, ग्रामपंचायतीचा शिक्का होता,
तो ग्रामसेवकाकडून हरवला. काम आहे का काही?

शनिवारी साहेबांनी ढाल उन्हात धरली.
किल्लीच्या टोकावर अंगठा फिरवला, थबकले.
"इथं काही होतं?"
चूक होती, म्हटलं.
ते त्यांच्या भाषेत एक शब्द बोलले.
अर्थ विचारावासा वाटला, विचारला नाही.

संध्याकाळी झाडू मारताना
फरशीच्या फटीत पितळेचा भुगा चमकला.
राहू दिला.